अतिउच्चदाब उपकेंद्राचे आरेखन: यादी ड्रॉइंगची ठेवावी की माहितीची?

उपकेंद्री

मराठवाड्यातील एका ४००/२२० केव्ही उपकेंद्राच्या अभियांत्रिकी आरेखनाचे समन्वयन सध्या माझ्याकडे आहे. हवेत निरोधन असलेल्या, म्हणजे एआयएस पद्धतीच्या उपकेंद्रांवर बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते स्थापत्य, संरक्षण, बांधणी व ग्राहकपक्ष अशा सर्व बाजूंच्या जाणकारांसमोर तपासणीसाठी ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

आपल्याकडे आरेखनाची प्रगती मंजूर झालेल्या ड्रॉइंगच्या संख्येने मोजली जाते. मास्टर ड्रॉइंग लिस्ट तयार होते, प्रत्येक ड्रॉइंगसमोर सादर करण्याची आणि मंजुरीची तारीख पडते, आणि आढावा बैठकीत किती टक्के झाले एवढेच विचारले जाते. या मोजणीत एक मोठा दोष आहे. एखादे ड्रॉइंग कोणत्या माहितीवर उभे आहे आणि ती माहिती पक्की आहे की गृहीत धरलेली आहे, हे त्या यादीतून कळत नाही. त्यामुळे कागदावर बहुतेक ड्रॉइंग मंजूर आणि साइटवर मात्र फोडलेले पाये, अशी स्थिती येऊ शकते, आणि ती येते तेव्हा दोष ड्रॉइंग काढणाऱ्याच्या माथी मारला जातो.

साखळी कशी चालते ते एका उदाहरणाने सांगतो. ४०० केव्हीच्या बाजूला दीड ब्रेकर पद्धत (दोन मार्गांमागे तीन ब्रेकर) आणि २२० केव्हीच्या बाजूला दोन मुख्य बस (सर्व मार्ग जिथे जोडले जातात ते सामाईक वाहक) व एक ट्रान्सफर बस, अशी योजना ठरली की एसएलडी, म्हणजे एकरेषीय आकृती, तयार होते. त्या आकृतीवर दोषप्रवाहाचा, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यास वाहू शकणाऱ्या प्रवाहाचा, एक आकडा असतो: ४०, ५० किंवा ६३ किलोअँपिअर, एका सेकंदासाठी. या एका आकड्यावर ब्रेकर (दोषप्रवाह तोडणारे उपकरण) आणि आयसोलेटरची (मार्ग उघडून वेगळा करणाऱ्या स्विचची) निवड, अर्थमॅटच्या (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीच्या) सळईचा व्यास, अॅल्युमिनियमच्या नळीचा आकार आणि तिच्या आधारांमधील अंतर, जुळ्या किंवा चौपदरी कंडक्टरमधील स्पेसरची ठिकाणे, आणि शॉर्टसर्किटच्या क्षणी गँट्रीवर (तारा ताणून धरणाऱ्या पोलादी कमानीवर) येणारा ओढ हे सगळे अवलंबून असते. गँट्रीवरचा ओढ बदलला की पोलादी सांगाडा बदलतो, सांगाडा बदलला की पाया बदलतो. एसएलडीवर ४० खोडून ५० लिहिणे हे क्षणाचे काम आहे, परंतु त्याचा परिणाम चार विभागांच्या गणनापत्रकांपर्यंत पोचतो. विद्युत जाळे वाढत आहे, नवी सौर आणि पवन निर्मिती जोडली जात आहे, त्यामुळे पारेषण नियोजनाच्या अभ्यासातून हा आकडा वर सरकण्याची शक्यता कायम असते. म्हणून तो ठरल्याचे पत्र हातात आल्याशिवाय गँट्रीचे ड्रॉइंग बांधकामासाठी सोडू नये, असे मी मानतो.

दुसरा प्रवाह उत्पादकांकडून येतो. ४०० केव्हीच्या आवारात उपकरणांमधील अंतरे नियमांनी बांधलेली असतात: फेज आणि जमीन यांमध्ये साधारण ३.५ मीटर, सेक्शनल क्लिअरन्स (माणूस उभा राहू शकेल ती जागा आणि विद्युतभारित भाग यांमधील अंतर) ६.५ मीटर, आणि निरोधकाचा तळ माणसाच्या हाताच्या टप्प्याबाहेर, जमिनीपासून सुमारे २.५ मीटरवर. परंतु त्या निरोधकाची स्वतःची उंची, त्याच्या तळपट्टीवरील बोल्टच्या छिद्रांची मांडणी, आणि ब्रेकरच्या यंत्रणेच्या पेटीचे स्थान हे उत्पादकाचे ड्रॉइंग आल्यावरच कळते. खरेदीची मागणी उशिरा निघाली की हे ड्रॉइंगही उशिरा येते, आणि आरेखनातील उशीर म्हणून ज्याची नोंद होते तो पुष्कळदा खरेदीतील उशीर असतो.

यावर आम्ही ड्रॉइंगच्या यादीच्या आधी माहितीची यादी करतो. कोणती माहिती हवी, ती कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, तोपर्यंत काय गृहीत धरले आहे, ते गृहीतक चुकले तर कोणकोणती ड्रॉइंग बदलतील, आणि गृहीतक मान्य केल्याची सही कोणाची, एवढे रकाने पुरतात. ज्या ड्रॉइंगमधील काही भाग अशा न आलेल्या माहितीवर अवलंबून आहे त्यावर ढगाच्या आकाराची रेषा काढून होल्ड लिहिणे ही जुनी पद्धत आहेच. तो होल्ड यादीतील कोणत्या ओळीशी जोडलेला आहे हे ड्रॉइंगवरच लिहावे, एवढी भर मी घालतो. नाहीतर वर्षभराने तो ढग कशासाठी काढला होता हे कोणालाच आठवत नाही, आणि साइटवरचा अभियंता तो दुर्लक्षून काँक्रीट ओततो.

स्पर्धात्मक बोलीतील प्रकल्पांना बहुधा दीड ते दोन वर्षांचा अवधी असतो, त्यामुळे सर्व माहिती पक्की होईपर्यंत थांबणे शक्य नसते. अशा वेळी मान्य उत्पादकांपैकी सर्वांत जड रोहित्राचे वजन, सर्वांत मोठा तळ आणि सर्वाधिक तेल धरून पाया करून टाकावा, असे मी सुचवतो. काँक्रीट थोडे जास्त जाते, परंतु काम थांबत नाही. याबद्दल स्थापत्य अभियंत्यांचे मत विशेष हवे आहे.

काळीमाती

आपल्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु सर्वांत जड धरून पुढे जाण्याच्या सूचनेला मर्यादा आहेत. रोहित्राचा पाया मोठा करता येतो. ५०० एमव्हीएचे रोहित्र असेल तर त्याचे रूळ, जॅक लावण्याच्या जागा, ओढून आणण्यासाठीचे हूक आणि तेलाचा खड्डा यांची मांडणी मात्र वजनावर ठरत नाही, ती त्या त्या उत्पादकाच्या टाकीवर ठरते. जॅकची जागा चुकली तर कितीही जाड राफ्ट (पायाचा तळाचा सलग काँक्रीट थर) घातला तरी उपयोग नाही. म्हणून राफ्ट आणि खालचा भाग मोठ्या गृहीतकावर करावा व वरचे पेडेस्टल (राफ्टवरचे चौथरे) उत्पादकाचे ड्रॉइंग आल्यावर ओतावे, अशी दोन टप्प्यांची रचना मी करतो, आणि ड्रॉइंगही तशीच दोन वेगळ्या क्रमांकांची ठेवतो. उपकरणांच्या लहान पायांत बोल्टसाठी पॉकेट सोडावेत आणि सांगाडा उभा करून समतल केल्यावर ते ग्राउटने भरावेत. असे केल्याने बोल्टच्या मांडणीची माहिती थोडी उशिरा आली तरी फारसे बिघडत नाही.

आपल्या यादीत मला सर्वांत वर एक ओळ हवी आहे: तयार जमिनीची पातळी, ज्याला आपण एफजीएल म्हणतो. ही पातळी पूररेषेवरून, आजूबाजूच्या नाल्यांवरून आणि कापणी-भरणीच्या हिशेबावरून ठरते. विद्युत विभागाला ती स्थापत्याची अंतर्गत बाब वाटते. परंतु केबल ट्रेंचचा उतार, पायांच्या माथ्याची पातळी, नियंत्रण इमारतीच्या जोत्याची उंची, रोहित्र आणण्याच्या रस्त्याचा चढ आणि सगळ्या उभ्या छेदांतील आकडे तिच्यावरच उभे असतात. २०१९ च्या ऑगस्टमधील कोल्हापूर-सांगलीच्या पुरात उपकेंद्रे पाण्याखाली जाऊन पुरवठा बंद करावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर पूररेषा कोणत्या वर्षाच्या नोंदीवरून धरली आहे असा प्रश्न प्रत्येक नव्या जागेबाबत लेखी विचारला गेला पाहिजे.

मराठवाड्याबद्दल आणखी एक सांगतो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसाल्ट, हा थर प्रत्येक ठिकाणी सारख्या खोलीचा नसतो. शंभर मीटरच्या अंतरात खडक दीड मीटरवरून पाच मीटरवर जाऊ शकतो. चार बोअर घेऊन वीस हेक्टरच्या आवाराचे फाउंडेशन एकाच नमुन्यावर काढणे मला मान्य नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि या हालचालीचा त्रास जड पायांना कमी होतो. खरा त्रास हलक्या रचनांना होतो, म्हणजे केबल ट्रेंच, कुंपणाची भिंत, दिव्यांचे खांब आणि आयसोलेटरचे पाये. आयसोलेटरच्या दोन खांबांमध्ये थोडा जरी फरक पडला तरी त्याचे संपर्क नीट मिटत नाहीत. म्हणून त्यांच्या पायाखालील काळी माती काढून मुरूम भरावा की पाया खडकापर्यंत न्यावा, हा निर्णय माती परीक्षणाच्या अहवालातच ओळीने लिहून घ्यावा.

रिलेखोली

मी संरक्षण आणि नियंत्रण विभागाकडून लिहिते आहे. स्थापत्याचे गृहीतक चुकले तर काँक्रीट फुटते आणि ते सर्वांना दिसते. आमच्याकडचे गृहीतक चुकले तर ते चार्जिंगच्या (पहिल्यांदा वीज सोडण्याच्या) आठवड्यात किंवा त्याहून वाईट म्हणजे पहिल्या मोठ्या दोषाच्या वेळी कळते. म्हणून माहितीच्या यादीत आमच्या काही ओळी अगदी सुरुवातीलाच आल्या पाहिजेत.

पहिली ओळ करंट ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करून देणाऱ्या सीटीची. ४०० केव्हीच्या सीटीला साधारणपणे पाच कोअर असतात, त्यातले मीटरिंगसाठी वेगळे आणि संरक्षणासाठी वेगळे. संरक्षणाच्या कोअरचा नी-पॉइंट व्होल्टेज (ज्यापुढे कोअर संपृक्त होतो तो दाब) किती हवा हे दोषप्रवाह, सीटीच्या वेटोळ्याचा रोध, केबलचा रोध आणि रिलेची (दोष ओळखून ब्रेकरला आदेश देणाऱ्या उपकरणाची) गरज यांवरून काढतात. सीटी बनायला वेळ लागतो म्हणून त्याची मागणी लवकर निघते, तर रिलेचा उत्पादक पुष्कळदा नंतर ठरतो. केबलची लांबी पॅनेल कोठे बसणार यावर असते. पॅनेल मुख्य नियंत्रण इमारतीत ठेवले तर ती काहीशे मीटर होते, आणि बेच्या (एका लाइनच्या किंवा रोहित्राच्या उपकरणांच्या पट्ट्याच्या) जवळच्या स्विचयार्ड पॅनेल रूममध्ये ठेवले तर बरीच कमी होते. म्हणजे नियंत्रण इमारतीच्या नकाशातील एक निर्णय सीटीच्या मागणीपत्रापर्यंत पोचतो, आणि हे नाते कोणत्याही ड्रॉइंगच्या यादीत दिसत नाही. दोषप्रवाह नंतर वाढवला गेला तर नी-पॉइंटची गणना पुन्हा करावी लागते, हे उपकेंद्री यांच्या साखळीत जोडून घ्यावे.

दुसरी ओळ अधिक महत्त्वाची आहे: लाइनच्या दुसऱ्या टोकाचे उपकेंद्र. ते बहुधा जुने असते आणि अनेकदा दुसऱ्या पारेषण कंपनीच्या मालकीचे असते. लाइन डिफरन्शिअल संरक्षण (दोन टोकांच्या प्रवाहांची तुलना करून दोष ओळखणारे) घ्यायचे असेल तर दोन्ही टोकांना एकमेकांशी बोलू शकणारे रिले लागतात, आणि व्यवहारात त्याचा अर्थ एकाच उत्पादकाचे व जुळणाऱ्या आवृत्तीचे रिले असा होतो. तिथले सीटीचे गुणोत्तर काय आहे, ऑप्टिकल फायबरचे टर्मिनेशन कोठे आहे, पीएलसीसीची (वीजवाहिनीवरूनच संदेश पाठवण्याच्या पद्धतीची) वारंवारिता कोणती मिळाली आहे, तिथल्या पॅनेलमध्ये जागा आहे का, ही सगळी माहिती आपल्या प्रकल्पाच्या बाहेरून यावी लागते. तिच्यासाठी कोणालाही पैसे मिळत नाहीत म्हणून ती कोणीच मागत नाही. ज्या प्रकल्पांत हे काम सर्वांत शेवटी हाती घेतले गेले तेथे उपकेंद्र तयार होऊनही लाइन चार्ज करता आली नाही, असे मी पाहिले आहे.

उपकेंद्र स्वयंचलनाबद्दल थोडक्यात. जुन्या तारांच्या सिग्नलऐवजी आता आयईसी ६१८५० या मानकानुसार रिले एकमेकांना संदेश पाठवतात. त्यामुळे पूर्वी जे स्किमॅटिक ड्रॉइंगमध्ये दिसत असे ते आता एका संरचना-फाइलमध्ये असते. त्या फाइलची आवृत्ती ड्रॉइंगइतक्याच काटेकोरपणे सांभाळली पाहिजे. मंजूर कागदावर एक तर्क आणि रिलेमध्ये दुसरा, ही अवस्था अत्यंत धोकादायक आहे, कारण चाचणी करणारा माणूस कागदावर विश्वास ठेवून आवारात उभा असतो.

नवाभियंता

मी या क्षेत्रात नवीन आहे. अर्थमॅटचे काम नेमके कोणाचे मानायचे हे मला कळलेले नाही. विद्युत विभाग गणना करतो, स्थापत्य विभाग खणतो आणि पुरतो, आणि खडी पसरण्याचे काम सर्वांत शेवटी वेगळ्याच लहान ठेकेदाराकडे जाते. माहितीच्या यादीत हे कोणाच्या नावावर घालावे? आणि जमिनीची रोधकता एकदा मोजली की पुरते का?

उपकेंद्री

प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर देतो, कारण अर्थमॅटचा थेट संबंध माणसाच्या जिवाशी आहे.

मालकी विद्युत आरेखकाची, आणि ती खडी पसरेपर्यंत संपत नाही. आयईईई ८० या मार्गदर्शिकेनुसार आपण स्पर्शदाब (दोषाच्या वेळी सांगाड्याला हात लावलेल्या माणसाच्या हात आणि पायांमधील दाब) आणि पाऊलदाब (त्याच्या दोन पावलांमधील दाब) तपासतो. ५० किलो वजनाचा माणूस धरला आणि दोष एक सेकंद टिकला, तर ओल्या काळ्या मातीवर थेट उभ्या असलेल्या माणसाला सह्य होणारा स्पर्शदाब सुमारे १२० व्होल्ट भरतो. त्याच मातीवर ३००० ओहम-मीटर रोधकतेच्या खडीचा १०० ते १५० मिलिमीटरचा थर असेल तर हा आकडा चारशे व्होल्टच्या पुढे जातो. गणनापत्रकात आपण खडी गृहीत धरूनच अर्थमॅटच्या जाळीतील अंतर ठरवलेले असते. त्यामुळे खडी कमी पडली, मातीत मिसळली किंवा तिच्यातून तण वाढले, तर मंजूर झालेले गणनापत्रक त्या जागेला लागू राहत नाही. खडीला आवाराची शोभा समजून शेवटच्या बिलातून तिची जाडी कमी करण्याचा प्रस्ताव आला, तर तो विद्युत आरेखकाच्या सहीशिवाय मान्य होऊ नये.

रोधकता चार खुंट्यांच्या वेनर पद्धतीने मोजतात, आणि खुंट्यांमधील अंतर वाढवत नेले की अधिक खोलीचा अंदाज येतो. एकदा मोजून पुरत नाही, विशेषतः जिथे कापणी-भरणी मोठी आहे. मूळ जमिनीवर मोजलेली रोधकता भरणीच्या मुरुमाला लागू पडत नाही, आणि जिथे तीन मीटर कापून खडक उघडा पडला आहे तिथे वरच्या काळ्या मातीचा आकडा अगदीच निरर्थक होतो. जमीन समतल झाल्यावर, शक्यतो उन्हाळ्यात, पुन्हा मोजणी घ्यावी आणि गणना पुन्हा तपासावी. अर्थमॅटची सळई ६०० मिलिमीटर खोल जाते आणि नंतर तिला हात लावता येत नाही, म्हणून ही दुसरी मोजणी पुरण्याच्या आधीच झाली पाहिजे. आपल्याकडे ४० मिलिमीटर व्यासाची माइल्ड स्टीलची सळई वापरण्याचा प्रघात आहे, आणि तिचा व्यास ठरवताना गंज खाण्यासाठी वाढीव जाडी धरलेली असते. काळ्या मातीत ही वाढीव जाडी आवश्यकच आहे.

तपासनीस

ठेकेदाराकडून आलेल्या ड्रॉइंगची ग्राहकपक्षाच्या वतीने तपासणी करणे हे माझे काम आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते लिहितो.

तपासून झालेल्या ड्रॉइंगवर चारपैकी एक शेरा पडतो: मंजूर, सूचनांसह मंजूर, नामंजूर, किंवा केवळ माहितीसाठी. ठेकेदाराची प्रगती आणि काही करारांत पैसेही या शेऱ्यांशी जोडलेले असतात. परिणामी जी ड्रॉइंग लवकर तयार होतात ती आधी येतात, जी आधी तपासायला हवीत ती येत नाहीत. दिव्यांची मांडणी आणि कुंपणाचे फाटक पहिल्या महिन्यात, आणि आवाराचे छेद मात्र चौथ्या महिन्यात, असे झाल्यावर मी तपासणार कशाच्या आधारावर? माझी सूचना अशी की ड्रॉइंग सुटी घेऊच नयेत, संच म्हणून घ्यावीत. एसएलडी, आवाराची मांडणी, छेद आणि दोषप्रवाहाच्या बलांची गणना हा एक संच. त्यावर निर्णय झाल्याशिवाय सांगाड्यांचा संच उघडू नये. संच सादर करताना पहिल्या पानावर उपकेंद्री म्हणतात ती गृहीतकांची यादी असावी, म्हणजे मी ड्रॉइंगबरोबर गृहीतकेही मंजूर किंवा नामंजूर करीन आणि त्याची जबाबदारी घेईन. आज गृहीतक ठेकेदाराच्या मनात असते आणि मंजुरीची सही माझी असते, ही व्यवस्था दोघांसाठीही अन्यायाची आहे.

आमच्या बाजूचा दोषही नोंदवला पाहिजे. पहिल्या फेरीत बारा सूचना, त्यांची पूर्तता झाल्यावर दुसऱ्या फेरीत नव्या आठ, आणि तिसऱ्या फेरीत दुसऱ्या तपासनिसाच्या आणखी काही, असे होऊ नये. पहिल्याच फेरीत सर्व विभागांच्या सूचना एकत्र करून द्याव्यात आणि पुढील फेरीत केवळ बदललेल्या भागावरच नवी सूचना करता यावी, असा नियम आम्ही एका प्रकल्पात लेखी मान्य केला आणि त्याने फेऱ्या खरोखर कमी झाल्या.

चालू उपकेंद्रातील वाढीव बेबद्दल स्वतंत्र बोलायला हवे. तिथे सर्वांत अविश्वसनीय माहिती म्हणजे जुनी ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या बांधणीची, ड्रॉइंग. पंचवीस-तीस वर्षांत कितीतरी केबल बदललेल्या असतात, ट्रेंचमध्ये जागा उरलेली नसते, बसबार संरक्षणाच्या जुन्या पॅनेलमध्ये नव्या बेसाठी सोय नसते, आणि जुन्या अर्थमॅटची सळई किती उरली आहे हे खणून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अशा ठिकाणी आरेखनाचे पहिले काम प्रत्यक्ष पाहणीचे असावे आणि त्यासाठी करारात वेगळा कालावधी व वेगळी रक्कम असावी. शटडाउन मिळण्याचे दिवस मोजके असतात. ते मागताना भार प्रेषण केंद्राला कामाचा क्रम द्यावा लागतो, आणि तो क्रम आरेखनातूनच निघतो. बस कोणत्या बाजूने वाढवायची हे ठरवतानाच ती किती तास बंद ठेवावी लागेल याचे उत्तर आरेखकाकडे हवे.

खाडीकाठ

मी मुंबई परिसरातील जीआयएस, म्हणजे हवेऐवजी बंद नळ्यांतील एसएफ६ वायूने निरोधन केलेल्या, उपकेंद्रांवर काम केले आहे. माहितीच्या यादीचे तत्त्व तिथे आणखी कडकपणे लागू होते. एआयएसमध्ये आवाराची भूमिती आपली असते. ४०० केव्हीच्या बेची रुंदी २७ मीटरच्या आसपास धरून आपण मांडणी सुरू करू शकतो आणि उपकरणे नंतर तिच्यात बसतात. जीआयएसमध्ये भूमिती उत्पादकाची असते. बेची रुंदी, जमिनीच्या स्लॅबमधील खाचा, क्रेनची उंची, केबल किंवा बस डक्ट बाहेर पडण्याची जागा, हे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते, आणि उत्पादक ठरल्याशिवाय इमारतीचा एक खांबही पक्का करता येत नाही. येथे सर्वांत मोठे गृहीत धरून पुढे जाण्याचा उपाय चालत नाही. एकच उपाय आहे तो म्हणजे जीआयएसची मागणी सर्वांत आधी नोंदवणे, जागेचा ताबा मिळण्याची वाट न पाहता.

मुंबईत जागा नाही म्हणून जीआयएसला पर्याय नाही, हे खरे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगराचा पुरवठा कोलमडला तेव्हा शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या मार्गांची मर्यादा सर्वांना दिसली, आणि पुढे २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाइन व विक्रोळीचे जीआयएस उपकेंद्र कार्यान्वित झाले. परंतु जिथे जागा उपलब्ध आहे तिथेही केवळ आधुनिक म्हणून जीआयएस निवडले जाते, त्याला माझा विरोध आहे. त्यात वापरला जाणारा एसएफ६ वायू हरितगृह परिणामाच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक तीव्र आहे, आणि पुढे वाढ करायची असेल तर बहुधा त्याच उत्पादकाकडे जावे लागते. नव्या बेसाठीचा जोडभाग आजच ठरवून त्याचे ड्रॉइंग मालकाच्या ताब्यात घेणे हे आरेखन व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे.

काळीमाती

भूकंपाची एक ओळ यादीत राहिली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्राचे पठार स्थिर आहे असे कोणी म्हणू नये. सांगाड्यांचे आरेखन आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकानुसार होतेच, परंतु दोन गोष्टी विभागांच्या मधल्या फटीत पडतात. रोहित्राची चाके रुळावर घट्ट रोखण्याची व्यवस्था स्थापत्याच्या ड्रॉइंगमध्ये नसते आणि उत्पादकाच्याही नसते. तसेच सिरॅमिकच्या उंच निरोधकांवरील उपकरणे हलतील तेव्हा त्यांना जोडणाऱ्या कंडक्टरला पुरेशी ढील हवी. ती आवाराच्या छेदात दाखवली नाही तर बांधणी करणारा तार ताणून सरळ करतो, कारण ती दिसायला नीटनेटकी वाटते.

उपकेंद्री

सर्वांच्या प्रतिसादांनुसार यादीत बदल करतो आहे. तयार जमिनीची पातळी आणि तिच्या आधाराची पूरनोंद पहिल्या ओळीत जाईल. रोहित्राच्या पायाची ड्रॉइंग राफ्ट आणि पेडेस्टल अशी दोन होतील. सर्वांत जड धरण्याची माझी सूचना केवळ राफ्टपुरती राहील, आणि काळीमाती यांचा आक्षेप मला पूर्ण पटला आहे. अर्थमॅटसमोर दुसऱ्या मोजणीची तारीख आणि खडीच्या जाडीची तपासणी, अशा दोन वेगळ्या नोंदी येतील. रोहित्राच्या चाकांची रोखण आणि कंडक्टरची ढील आवाराच्या छेदांच्या संचात घातली आहे.

तपासनीस यांनी सुचवलेली संचाची पद्धत आमच्या करारात बसवण्यासाठी पैसे देण्याचे टप्पेही संचांशी जोडावे लागतील, नाहीतर सुटी ड्रॉइंग येणे थांबणार नाही. चालू करारात हे बदलणे अवघड आहे. पुढील निविदेच्या मसुद्यात ते सुचवणार आहे.

दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्राचा प्रश्न मात्र या धाग्यात सुटलेला नाही. रिलेखोली, आपण पाहिलेल्या प्रकल्पांपैकी ज्यांत ही माहिती वेळेवर मिळाली, तिथे ती मागण्याची जबाबदारी करारात कोणावर होती: ठेकेदारावर, मालकावर, की पारेषण नियोजन करणाऱ्या संस्थेवर?

रिलेखोली

जिथे वेळेवर मिळाली तिथे जबाबदारी मालकावर होती आणि तारीखही लिहिलेली होती. कामाची सूचना निघाल्यावर ठरावीक मुदतीत दोन्ही टोकांच्या मालकांची संयुक्त पाहणी व्हावी, तिच्या टिपणावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि ते टिपण संरक्षणाच्या पहिल्या संचाला जोडल्याशिवाय तो संच स्वीकारला जाऊ नये, असे कलम होते. ठेकेदाराच्या पत्राला दुसरी कंपनी उत्तर देण्यास बांधील नसते. मालकाच्या पत्राला ती उत्तर देते. त्या पाहणीत सीटीच्या नावपट्टीचे छायाचित्र, रिलेचे मॉडेल व आवृत्ती, फायबरचे मोकळे कोअर, बॅटरीची उरलेली क्षमता आणि पॅनेलची मोकळी जागा एवढे तरी नोंदवून घ्यावे. कलमाचा मसुदा मी स्वतंत्र प्रतिसादात टाकते. त्यात तपासनीस यांनी ग्राहकपक्षाच्या दृष्टीने दुरुस्त्या सुचवाव्यात.